गालातला गूळ

मी पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा मला सोडायला एक जीप आणि दोन मोटारसायकली आल्या होत्या. उजळाईवाडीचं विमानतळ आमच्या गडमुडशिंगीपासून इतकं जवळ, की उतरणारं विमान आमच्या उसाचे शेंडे हलवून जातं असं लहानपणी वाटायचं. त्यामुळं पोरगी फार लांब चाललीय असं कुणाच्या तोंडावर दिसतच नव्हतं. पलीकडच्या गल्लीत हळदीकुंकवाला निघाल्यासारखी माझी पाठवणी चालली होती. मी आत जाऊन रांगेत उभी राहिले आणि मागून आवाज आला, “स्वाते! पोचलीस की फोन कर!”

बाहेरून, बंद काचेपलीकडून. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. दारावरचा जवान हसला. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तर खिशातून स्वतःचा फोन काढून तपासला. तो आवाज माझ्या वडिलांचा, तात्यांचा. जत्रेतल्या कुस्त्यांना माइक त्यांच्याच हातात असे, आणि मधेच माइक बंद पडला तरी मैदानात कुणाच्या लक्षात येत नसे.

आज तुम्ही कुठं कुठं असाल मला माहीत नाही. कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी अजून गावातच. ज्यांनी घर सोडलं आणि ज्यांनी आमच्या मागं ते सांभाळलं, त्या दोघांसाठी मी हे हॉलंडातल्या आइंडहोवन नावाच्या शहरातून लिहिते आहे. रडगाणं नाही, घाबरू नका.

तर त्या दिवशीची जीप शिवाकाकांची. शिवाकाका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. अजूनही आपली जीप स्टँडात लावल्यासारखी लावतात. मोटारसायकलींवर महादूकाका आणि बाबगोंडाकाका. महादूकाका आमचे शेजारी, चार म्हशींचे मालक. बाबगोंडाकाका जैनांच्या गल्लीतले, त्यांचं गुऱ्हाळ आहे. हे तिघे आणि तात्या मिळून चौघांचा पत्त्यांचा, मेंढीकोटचा डाव रोज दुपारी आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पडायचा. बाबगोंडाकाका दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणून उठले की डाव मोडायचा. डाव कमी आणि भांडण जास्त. मी दहावीचा अभ्यास त्या आरडाओरड्यात केला आणि नंतर मला कुठल्याही ऑफिसात लक्ष लागायला कधी अडचण आली नाही.

आइंडहोवनमध्ये अडचण आली ती उलटी. इथं इतकी शांतता, की पहिल्या आठवड्यात मला फ्रिजचा आवाज सोबतीला बरा वाटायचा. माणसं चांगली. जिन्यात भेटली की ‘हॉय’ म्हणून हसतात. पण कुणाकडं कॉफीला जायचं तर आधी ‘अफस्प्राक’ पाहिजे, म्हणजे भेटीची वेळ ठरवायची, आणि ती तीन आठवड्यांनंतरची मिळते. आमच्या सोप्यात तीन आठवड्यांत किती जण येऊन चहा ढोसून गेले असते याचा हिशेबच नको. मी नोकरीत रमले, सायकल शिकले, पावातलं चीज गोड मानून घेतलं. बोलायची भूक मात्र तात्यांच्या फोनवर भागायची. फोन कानापासून हातभर लांब धरायचा आणि ऐकायचं. त्यांच्या मागं तिघांचं भांडण चालूच असायचं.

मग एके सकाळी आईचा फोन आला आणि मागं कुणीच भांडत नव्हतं.

तात्यांना झटका आला होता. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. मी साहेबांना रजा मागितली तेव्हा त्यांनी एकही प्रश्न न विचारता मान डोलावली आणि एक शब्द उच्चारला, ‘मान्टेलझोर्ग’. मान्टेल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा आणि झोर्ग म्हणजे काळजी. घरच्यांनी, मित्रांनी, शेजाऱ्यांनी बिनपगारी जी देखभाल करायची तिला इथं हे नाव आहे आणि तिच्यासाठी रजाही आहे. विमानात मी तो शब्द घोळवत होते. वाटलं, एवढं नाव दिलंय म्हणजे इथं ही गोष्ट दुर्मीळ असणार.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट समजावलं. तात्यांना सगळं कळतंय, शब्दही डोक्यात आहेत, पण तिथून जिभेपर्यंतची वाट बुजली आहे. ती सवयीनं, सरावानं हळूहळू मोकळी होऊ शकते. किती, ते सांगता येत नाही. तात्या माझ्याकडं बघत होते. ओठ हलले आणि थांबले. ज्या माणसाचा आवाज काचेतून आरपार यायचा तो माणूस माझं नाव घेऊ शकत नव्हता. मी बाहेर येऊन रडले. शिवाकाकांनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाले, “रड. पण चा गार करू नकोस.”

घरी आणल्यावर मी कंबर कसली. फिजिओथेरपिस्ट ठरवले. आठवड्यातून दोनदा कोल्हापुरातून येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ठरवल्या, मृणाल मॅडम. अंघोळ-दाढीसाठी नर्सिंग ब्युरोचा माणूस लावला. तो आठवड्यातच माझ्यापुढं येऊन उभा राहिला. “ताई, मला कामच न्हाय ओ. मी यायच्या आदी म्हाताऱ्यांनी अंघोळ घातलेली असती. दाढी केलेली असती. मला नुसतं पोहे खायला घालत्यात.” खरंच होतं. महादूकाका धारा काढून सरळ आमच्याकडं यायचे, शिवाकाका उचलायचे, बाबगोंडाकाका पाण्याचं गरम-गार बघायचे. आई स्वयंपाकघरातून तिघांवर ओरडायची. फिजिओच्या डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम तिघं मिळून असा करून घ्यायचे, जणू तात्यांना पुढच्या जत्रेत कुस्तीला उतरवायचं आहे. डॉक्टरांनी “अहो, जरा सावकाश” म्हटलं की महादूकाका म्हणत, “सावकाशच की!” आणि आवाज पार चौकात जायचा. महिन्याभरात तात्या काठीवर उभे राहिले.

शब्द मात्र येत नव्हते.

रजा संपली. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा तात्यांना विमानतळावर नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून निरोप अंगणात झाला. ते काठी टेकून उभे होते. तोंड उघडलं, गळ्याची शीर ताठली. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पोचलीस की फोन कर, म्हणतायत.” तात्यांनी मान खाली घातली. सगळे हो हो म्हणाले, मीही म्हणाले, आणि गाडीत बसले. त्या वेळी आईचा आधारच वाटला होता. पण विमान उसावरून वर गेलं तसं मला कळलं की मला जगातलं दुसरं काही नको आहे. ते चार शब्द मला तात्यांच्या आवाजात परत ऐकायचे आहेत, बास.

पुढचं सगळं मी फोनच्या चौकटीतून बघितलं. आई फोन कोनाड्यात ठेवायची आणि मॅडमचा तास सुरू व्हायचा. श्रोते ठरलेले, तिघे काका आणि आई. मॅडम एक चित्र दाखवायच्या. चित्रात कपबशी.

“तात्या, हे काय आहे?”

तात्यांचे ओठ गोळा व्हायचे. कपाळाला आठ्या. आणि शब्द जिभेवर टेकतोय न टेकतोय तोवर महादूकाका, “कप!”

“नुसता कप कुठला? बशी बी हाय की,” शिवाकाका.

“कान तुटलाय त्याचा,” बाबगोंडाकाका.

“अहो, चहा पायजे असंल त्यांना,” म्हणत आई उठायची.

तात्या दमून मागं टेकायचे, हसायचे, आणि चहा प्यायचे. हे किती तरी दिवस चाललं. मॅडमही आधी हसून घेत होत्या. मग एके दिवशी त्यांनी चित्रं पिशवीत घातली आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, तुमच्यासारखे मित्र मी पाहिले नाहीत. पण तात्यांना बोलायची गरजच पडत नाहीये. भूक लागायच्या आत तुम्ही घास भरवताय. आजपासून तात्या बोलायला लागले की तुम्ही गप्प बसायचं. खूण नाही, खोकला नाही. कितीही वेळ लागला तरी.”

आमच्या भागातल्या माणसाला उपास करायला सांगा, ओझं उचलायला सांगा, रात्रभर उसाला पाणी पाजायला सांगा. पण समोरचा चाचपडतोय आणि उत्तर आपल्याला माहीत आहे अशा वेळी गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, ते तिथं वाढलेल्यालाच कळेल. महादूकाकांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी विचारलं, “मॅडम, एवढं सोडून दुसरं कायबी सांगा की.”

प्रयत्न मात्र मनापासून झाले. दुसऱ्या तासाला महादूकाका बोलले नाहीत, पण मॅडमनी गाईचं चित्र काढताच त्यांनी डोक्याला दोन बोटं लावून शिंगं केली. त्यांना बाहेर गोठ्यात बसवलं तर तिथून तात्यांना नावानं हाक मारून ओरडले, “आठवलं का रं आनंदा?” शिवाकाका ओठ मिटून बसले, पण समोर नसलेला ब्रेक दाबावा तसा त्यांचा पाय हलत होता. आईनं तोंडाला पदर लावला आणि पदराआडून उत्तर सांगितलं.

तोडगा बाबगोंडाकाकांनी काढला. ते गुऱ्हाळातून एक ढेप घेऊन आले आणि अडकित्त्यानं तिचे लिंबाएवढे खडे पाडले. तात्या बोलायला लागले की प्रत्येकानं एक खडा गालात धरायचा. चावायचा नाही, गिळायचा नाही. तात्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत तो विरघळत ठेवायचा. तोंड उघडलं की लाळ गळणार, म्हणजे चोरी लगेच पकडली जाणार. शिवाकाकांना साखरेचा आजार, म्हणून त्यांच्यासाठी आवळासुपारी. मॅडमनी हे ऐकलं आणि पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “चालेल. फक्त तात्यांच्या तोंडात काही घालू नका, त्यांना ठसका लागेल. तुमची तोंडं बंद ठेवा.”

आणि मी इकडं, सात हजार किलोमीटरवर, फोनमध्ये ते दृश्य बघत बसायची. तीन म्हातारे गाल फुगवून, डोळे वटारून, तात्यांच्या ओठांकडं बघतायत. घड्याळाचा काटा ऐकू येतोय. आमच्या सोप्यात घड्याळ आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

पहिला शब्द मॅडमच्या तासाला आलाच नाही. तो पत्त्यांच्या डावात आला. तात्या डाव्या हातानं पानं धरायला लागले होते. महादूकाकांनी नेहमीप्रमाणं हुकमाचं पान लपवलं. तात्यांनी ते बघितलं, काठी आपटली, आणि एक शब्द सणसणीत बाहेर पडला. तो मला इथं लिहिता येणार नाही. कोल्हापूरकडच्या वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ओळखावा, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही.

महादूकाका गूळ गालात तसाच ठेवून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “वैनी! मला शिवी दिली ओ! आनंदानं मला शिवी दिली!” त्या संध्याकाळी त्यांनी रतीबाच्या प्रत्येक घरी फुलपात्रभर दूध वर घातलं. कुणी कारण विचारलं तर छाती काढून सांगायचे. मॅडमनी सांगितलं की हे असं होतं. शिव्या, मोजणी, गाणी अशा जुन्या सवयीच्या गोष्टी कधी कधी आधी परततात, आता त्याला धरूनच पुढं जाऊ. मग काय, रोज महादूकाका डावात मुद्दाम चोरी करायचे. शिवी सुटली की मॅडमनी सांगितल्याप्रमाणं बाबगोंडाकाका विचारायचे, “कुणाला?” आणि तिघे गाल भरून वाट बघायचे. ‘महादू’ यायला पंधरवडा लागला. त्यानंतर ‘चहा’, मग ‘गार’, मग एकदम ‘चहा गार’, आणि आई आयुष्यात पहिल्यांदा तक्रार ऐकून नाचायची बाकी राहिली.

पुढच्या दिवाळीला मी घरी गेले. दारातच बाबगोंडाकाकांनी माझ्या हातावर खडा ठेवला. तात्या सावकाश बोलत होते, दोन शब्द, तीन शब्द, मधे भलीमोठी दरी. गूळ गालात धरून त्या दरीपलीकडं बघत बसणं काय असतं ते मी शिकले. गंमत म्हणजे त्या थांबण्यात तात्यांचे डोळे, हात, भुवया सगळं बोलायचं, आणि आम्ही इतकी वर्षं ते ऐकलंच नव्हतं. एका दुपारी मी सगळ्यांना मान्टेलझोर्ग सांगितलं. तिकडं ह्या कामाला नाव आहे, रजा आहे, सरकारची मदतही असते.

“पांघरुणाची काळजी?” शिवाकाकांनी विचारलं.

“काळजीचं पांघरूण.”

महादूकाकांनी थोडा विचार केला. “आणि पत्ते खेळाय आलो, तर त्ये कशात धरत्यात?”

मॅडम त्या वेळी तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, “माझं काम आठवड्यातून दोन तास, काका. बाकीचं सगळं त्यात धरतात.”

तिसऱ्यांदा निघायची वेळ झाली. शिवाकाकांची जीप अंगणात सुरू होती. तात्या काठी न घेता पायरी उतरले आणि माझ्यासमोर आले. तोंड उघडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांचे हात खिशात गेले आणि गाल फुगले. आईनंही खडा घातला. मीही.

“पो... पोच...”

जीप धडधडत होती. शिवाकाकांनी हात लांबवून ती बंद केली.

“पोचलीस... की...”

पुढचे दोन शब्द आम्हा पाचही जणांना पाठ होते. ते माझ्या दातांमागं येऊन थांबले होते. महादूकाका गोठ्याकडं तोंड करून उभे राहिले, स्वतःवर विश्वास नसल्यासारखे. आईनं पदर तोंडावर दाबून धरला होता. विमानाची वेळ होत आली होती. तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मग त्यांनी डावा हात उचलून तिघांकडं केला, एकेकाकडं.

“मा... माणसं...”

महादूकाका गोठ्याकडून इकडं वळले.

“माणसं जोड.”

बाबगोंडाकाकांनी गूळ सगळाच गिळला. आई खाली पायरीवर बसली. “अगं बया, मी तर फोन कर म्हणून मोकळी झाले असते!” आणि सगळे एकदम बोलायला लागले, इतक्या दिवसांचं साठलेलं, मोठमोठ्यानं, कुणाचं कुणाला कळेना. मी तात्यांच्या गळ्यात पडून हसत होते आणि रडत होते. मला जे वाक्य परत हवं होतं ते मिळालं नव्हतं. त्याहून चांगलं मिळालं होतं. आमच्यातल्या एकानं जरी ते मायेनं पुरं केलं असतं, तर तात्यांना मला काय सांगायचं होतं ते कधीच कळलं नसतं.

पोचले आणि सामान ठेवून आधी खालच्या मजल्यावर गेले. तिथं रिया राहते, सत्तरीच्या पुढची, एकटी. रोज सकाळी नर्स येऊन, सूज येऊ नये म्हणून, तिच्या पायात घट्ट मोजे चढवून जाते, आपलं काम चोख करते आणि पुढच्या घरी जाते. एवढी वर्षं मी रियाला फक्त ‘हॉय’ म्हटलं होतं. अफस्प्राक न घेता मी बेल वाजवली आणि गुळाची पुडी पुढं केली. तिला ते साबण वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः माझी बेल वाजवून सांगितलं की साबण फार चविष्ट आहे. आता रविवारी आम्ही पत्ते खेळतो. मला फ्लू झाला तेव्हा वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन ती त्या मोज्यांनिशी एकेक पायरी मोजत वर आली. तिचा भाचा हेंकही आता रविवारी येतो. तो पानं लपवतो.

परवा तात्यांचा फोन आला. आता फोन कानाला लावून ऐकावं लागतं. आवाज खाली आलाय, पण त्यांचाच आहे. मागं तिघं भांडत होते, मग एकदम गप्प झाले, म्हणजे मला कळलं की तात्यांना काही विचारायचं आहे. मी डब्यातला खडा गालात टाकला.

“किती... झाली?”

“मी धरून तीन, तात्या.”

मग आलं, “डावाला... एक... कमी हाय.”

पलीकडं हशा फुटला. मी फोन ठेवला आणि उठले. वरच्या मजल्यावर एक बाई नुकतीच राहायला आली आहे. माझ्यासारखीच कुठून तरी लांबून. दारात अजून न उघडलेली खोकी आहेत. कुणी मला घर कुठलं विचारलं तर पूर्वी मी पटकन गडमुडशिंगी म्हणायची. अजूनही म्हणते. पण घर म्हणजे आता मला उसाचे शेंडे किंवा सोपा आठवत नाही. गाल फुगवून, डोळे वटारून, एका माणसाचं वाक्य पुरं व्हायची वाट बघणारी चार तोंडं आठवतात. तशी तोंडं जिथं असतील तिथं घर.

मी बेल वाजवली. तिनं दार अर्धंच उघडलं. घाबरलेली होती, पण हसली. मोडक्या डच भाषेत काहीतरी सांगायला लागली आणि मधेच अडकली. हात हवेत, ओठ गोळा झालेले, शब्द सापडेना. मला तो शब्द माहीत होता. खडा अजून गालात होता. मी दाराच्या चौकटीला टेकले आणि थांबले.